चौकटीमागून चौकट: पुण्यातील विद्यार्थी-ॲनिमेशनपटाची पूर्वपीठिका

एका विद्यार्थ्याने, किंवा तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून, संगणकावर तयार केलेला पाच-सात मिनिटांचा ॲनिमेशनपट ही आज पुण्यातील कलाशिक्षणात रूढ झालेली गोष्ट आहे. मात्र तिचा इतिहास बहुधा सॉफ्टवेअरच्या आगमनापासून सांगितला जातो आणि त्यामुळे या कलेचे येथील हस्तव्यवसायांशी व चित्रपटनिर्मितीशी असलेले जुने नाते नजरेआड राहते. ॲनिमेशन म्हणजे चित्र किंवा वस्तू किंचित किंचित बदलत तिची एकेक स्थिर चौकट टिपणे आणि त्या चौकटी वेगाने सलग दाखवून हालचालीचा आभास निर्माण करणे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांसमोरून जातात, म्हणजे पाच मिनिटांच्या पटाला ७,२०० चौकटी लागतात. या चौकटी कोणी करायच्या, किती हातांनी, किती काळात आणि कोणाच्या पैशाने, या प्रश्नाला प्रत्येक काळाने आपापले उत्तर दिले आणि त्या उत्तरांचा क्रम हाच या व्यवसायाचा इतिहास होय. प्रारंभी एकाच माणसाच्या हातात असलेली ही कला स्टुडिओच्या काळात अनेक हातांत वाटली गेली आणि संगणकाने ती पुन्हा एका हातात आणून ठेवली; हालचाल ओळखणारी नजर मात्र यंत्राबरोबर आली नाही, ती प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हे समजून घेण्यासाठी कसबा पेठेपासून आरंभ करणे सोयीचे आहे. पुण्याच्या पेठांमध्ये ही सर्वांत जुनी. मुठेच्या काठी, लाल महाल आणि कसबा गणपती यांच्या परिसरात वाढलेली. तिची घडण राजकीय इतिहासाने जितकी झाली तितकीच कारागिरांच्या आळ्यांनीही झाली. तांबट आळीत त्वष्टा कासारांची घरे, कुंभारवाड्यात मातीचे काम, कागदीपुऱ्यात हातकागद करणाऱ्या कागदी मंडळींची वस्ती, अशी या पेठेची जुनी रचना होती. या सर्व धंद्यांत राहण्याची आणि कामाची जागा बहुधा एकच असे, शिकणारा मुलगा घरातलाच किंवा नात्यातला असे, आणि वस्तू आरंभापासून शेवटापर्यंत एकाच छपराखाली तयार होत असे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोक्याशेजारी ठोका देत जाण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि पृष्ठभागावर समान खळ्यांची नक्षी उमटते. एकेक ठोका वेगळा काढून पाहिला तर त्याला काही अर्थ नसतो, पण एक चुकला तर ओळ बिघडलेली लगेच दिसते. ॲनिमेशनमधील चौकटीचे स्थान नेमके असेच आहे, आणि हे काम करणाऱ्याच्या अंगी जी चिकाटी लागते तीही याच जातीची आहे.

या वस्तीच्या सांस्कृतिक जीवनात हलत्या आकृतीला जागा मिळाली ती सार्वजनिक गणेशोत्सवामुळे. १८९० च्या दशकात पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि कसबा गणपती मानाच्या गणपतींत पहिला ठरला. पुढे विजेची सोय झाल्यावर मंडळांच्या मांडवांत हलते देखावे येऊ लागले. हलता देखावा म्हणजे पुराणातील किंवा इतिहासातील एखाद्या प्रसंगाच्या मूर्ती मोटर, पट्टा आणि दांड्यांच्या साहाय्याने ठरावीक हालचाली करतील आणि त्यांच्या जोडीला ध्वनिमुद्रित निवेदन व संवाद ऐकू येतील अशी रचना. शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्यासारख्या प्रशिक्षित कलावंतांनी या क्षेत्रात दीर्घ काळ काम केले आणि देखाव्याला शिल्पाची शिस्त दिली. देखावा उभा करणाऱ्यांना जे प्रश्न सोडवावे लागत ते ॲनिमेटरचेच होते: हात किती वेळात वर जावा, तलवार खाली येण्यापूर्वी किती थांबावी, संवादाचा कोणता शब्द कोणत्या हालचालीवर पडावा, आणि एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना जोड दिसू नये म्हणून काय करावे. दरवर्षी हजारो पुणेकरांनी रांगेत उभे राहून ही कला पाहिली, पण तिची नोंद कलेच्या इतिहासात फारशी झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हलत्या चित्राची महाराष्ट्रातील परंपरा याहून जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी चित्रांची पोथी उलगडत, एकेक चित्र पुढे धरत, गाण्यातून आणि निवेदनातून कथा सांगत. चित्रे स्थिरच असत, पण त्यांचा क्रम आणि त्यांवर थांबण्याचा काळ कथनाने ठरत असे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रे जतन केलेली आहेत आणि ॲनिमेशन शिकणाऱ्यांना त्यांतून आजही पुष्कळ घेता येते. आज चित्रपटाच्या आधी प्रसंगांची क्रमवार चित्रे काढून जो आराखडा करतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रकथीच्या पोथीत त्याचे बहुतेक सर्व घटक आढळतात. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी शांबरिक खरोलिका नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर टाकायची आणि पट्ट्या चटकन बदलून आकृतीला हालचाल द्यायची, असा हा खेळ होता. चित्रपट भारतात येण्यापूर्वीच मराठी प्रेक्षकाने पडद्यावर रंगीत आकृती हलताना पाहिली होती, ती या खेळांत.

या सर्वांना कॅमेऱ्याची जोड देणारा पहिला माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, छायाचित्रण केले, शिळाछापाचे काम केले आणि जादूचे प्रयोगही केले. यातील प्रत्येक विद्या पुढे त्यांच्या उपयोगी पडली. इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर १९१२ मध्ये त्यांनी पहिली जी गोष्ट चित्रित केली, ती कथा नव्हती. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्याचा कोंब वाढत असताना ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून त्यांनी काही आठवड्यांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली, आणि हाच लहानसा पट दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या घटनेला एक चतुर युक्ती म्हणून स्थान मिळते; तिचे खरे महत्त्व मात्र असे की, एक चौकट हे चित्रपटाचे मूळ एकक आहे हे फाळक्यांना प्रारंभापासून उमगले होते. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला. त्यात आगकाड्या एकेक चौकटीगणिक थोड्या थोड्या सरकवून त्यांना जिवंत केले होते. वस्तू हाताने हलवून चौकट टिपण्याच्या या पद्धतीला आज स्टॉप मोशन म्हणतात. हा पट आता उपलब्ध नाही.

फाळक्यांचा व्यवसाय घरात चालत असे. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, वाळवणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत आणि घरातील माणसेच कारखान्यातील माणसे होती. कसब्यातील तांबटाच्या किंवा कुंभाराच्या घरापेक्षा ही व्यवस्था फार निराळी नव्हती. एमिल कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ मध्ये ‘फँटास्मागोरी’ हा रेखाटनांचा पट केला तोही सुमारे ७०० चित्रे स्वतःच्या हाताने काढून. म्हणजे युरोपातही ही कला एका टेबलावरच जन्मली. एकट्याने केलेल्या कामाची मर्यादा उघड होती: लांबी वाढवली की चित्रांची संख्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाई.

यावर स्टुडिओ-पद्धतीने जो मार्ग काढला तो पुण्यातही आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि पुढच्याच वर्षी तिने ‘जंबू काका’ हा ॲनिमेशनपट तयार केला, ज्याचे श्रेय रघुनाथ केळकर यांना दिले जाते. त्याच वर्षी कलकत्त्यात गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’ आला. ध्वनीच्या काळातील भारतीय ॲनिमेशनचा आरंभ असा पुणे आणि कलकत्ता या दोन शहरांत जवळपास एकाच वेळी झाला. प्रभातला हे जमले याचे कारण तिच्या घडणीत होते. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरी परंपरेत तयार झालेले चित्रकार व तंत्रज्ञ होते. पडदे रंगवणे, मूर्ती घडवणे, यंत्रे दुरुस्त करणे आणि कॅमेऱ्याने चमत्कार घडवणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच कामाची अंगे होती. ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील विमान आकाशात जाते ते या कारागिरीच्या बळावर. तरीही ॲनिमेशनचा विभाग प्रभातमध्ये मूळ धरू शकला नाही. काही मिनिटांच्या पटासाठी हजारो चित्रे काढणारी माणसे महिनोन्महिने पोसायची आणि तो पट मुख्य चित्रपटाआधी पुरवणी म्हणून दाखवायचा, हा व्यवहार खासगी कंपनीला परवडणारा नव्हता.

जो खर्च बाजाराला पेलला नाही तो स्वतंत्र भारताच्या शासनाने उचलला. मुंबईत १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यास व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९५६ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तेथे प्रशिक्षण देण्यास आले. १९५७ चा ‘द बॅन्यन डिअर’ हे त्या प्रशिक्षणाचे फळ. राम मोहन, जी. के. गोखले, व्ही. जी. सामंत ही नावे याच विभागाशी निगडित आहेत आणि पुढील अर्धशतकातील भारतीय ॲनिमेशनची शिष्यपरंपरा बरीचशी येथून निघते. येथे शिकवलेली पद्धत श्रमविभागणीची होती. मुख्य ॲनिमेटर हालचालीतील महत्त्वाच्या मुद्रा काढी, मदतनीस त्यांच्या मधली चित्रे भरी, तिसरा गट ती पारदर्शक पत्र्यांवर उतरवी, चौथा मागून रंग भरी, आणि अखेरीस वरून खाली रोखलेल्या, खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याखाली प्रत्येक पत्रा पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चौकट टिपली जाई. पारदर्शक पत्र्याला सेल म्हणत आणि कॅमेऱ्याच्या मांडणीला रोस्ट्रम. पैसा व वेळ वाचवण्यासाठी एक चित्र दोन चौकटींसाठी वापरत, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. तरी पाच मिनिटांना ३,६०० चित्रे लागतच. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा भीमसेन यांनी ॲनिमेशन केलेला पट शैक्षणिक कामासाठी, सार्वजनिक पैशातून झाला आणि पुढे दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचला; मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ॲनिमेशनची पहिली ओळख अशाच पटांतून झाली.

या पद्धतीत विद्यार्थ्याला संपूर्ण पट करण्याची संधी जवळजवळ नव्हतीच. शिकणारा वर्षानुवर्षे मधली चित्रे भरत राही. त्यातून हात तयार होई, पण कथा, अभिनय, प्रकाश, ध्वनी यांचा एकत्र विचार करण्याची वेळ फार थोड्यांवर येई. पुण्यात १९६० मध्ये प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि विद्यार्थ्याने स्वतःचा पट करून शिक्षण पूर्ण करावे ही कल्पना येथे रुजली. ॲनिमेशनमध्ये ती प्रत्यक्षात यायला मात्र तंत्राची वाट पाहावी लागली.

ते तंत्र ज्या पटातून जगापुढे आले तो पटही विद्यार्थ्यांचाच होता, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात एडविन कॅटमल या विद्यार्थ्याने १९७२ मध्ये, सहाध्यायी फ्रेड पार्क याच्यासह, संगणकाने काढलेल्या मानवी हाताचा एक छोटा पट केला. कॅटमलने आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर शाईने सुमारे ३५० त्रिकोण व बहुकोन आखले, त्यांच्या कोपऱ्यांची मापे संगणकाला दिली आणि त्या मापांवरून संगणकाने बोटे मिटणारा हात चितारला. पृष्ठभाग लहान लहान बहुकोनांत विभागून वस्तूची त्रिमित आकृती रचण्याची ही पद्धत आज मॉडेलिंग म्हणून प्रत्येक विद्यार्थी शिकतो. पुढे कॅटमल ज्या पिक्सार कंपनीच्या स्थापनेत होता, तिच्या जॉन लॅसेटर यांनी १९८६ मध्ये ‘लक्सो ज्युनियर’ हा टेबलावरच्या दिव्यांचा जेमतेम दोन मिनिटांचा पट केला आणि त्याच्या पुढच्या वर्षी एका शोधनिबंधात असे मांडले की, हाताने काढलेल्या ॲनिमेशनची जुनी तत्त्वे, म्हणजे वजन, हालचालीपूर्वीची तयारी, दबणे व ताणले जाणे, ही संगणकावरही तशीच लागू आहेत. यंत्र नवे आले तरी कसब जुनेच लागेल, हे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे सांगितले गेले होते. दुर्दैवाने आपल्याकडील पुष्कळ अभ्यासक्रमांनी ते ऐकले नाही.

पुण्यात संगणकीय चित्रणाला पोषक भूमी तयार झाली ती १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमुळे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार करणाऱ्या या संस्थेने संगणकीय कलेचे अभ्यासक्रमही चालवले. मुंबईत आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, जे १९६९ पासून काम करीत होते, पुढे ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि शिल्पा रानडे, नीना सबनानी यांच्यासारख्या अध्यापक-दिग्दर्शकांनी लोककलांच्या चित्रभाषेतून पट करून दाखवले. पुण्याजवळ लोणी काळभोर येथे २००६ मध्ये एमआयटीची डिझाइन संस्था निघाली, आणि २००८ च्या सुमारास फ्रान्समधील सुपइन्फोकॉम या ॲनिमेशन-शाळेच्या सहकार्याने पुण्यात एक संस्था सुरू झाली, जिच्यामुळे शेवटच्या वर्षी गटाने मिळून एक लघुपट पुरा करण्याची फ्रेंच पद्धत येथे आली.  डिझाइन-संस्था विद्यार्थ्याकडून स्वतःचे म्हणणे असलेला पट मागत होत्या. त्याच काळात रस्तोरस्ती निघालेले वर्ग मात्र सॉफ्टवेअरमधील आज्ञा पाठ करून घेत होते. व्ही. जी. सामंत व मिलिंद उके यांच्या ‘हनुमान’ला (२००५) मिळालेल्या यशानंतर ॲनिमेशन म्हणजे नोकरीची हमी अशी समजूत पसरली आणि हजारो मुले या वर्गांत गेली. त्यांतील अनेकांना बाहेरदेशच्या कामाचा एखादा तुकडा सफाईने करता येऊ लागला, पण चेंडू उसळताना कोठे मंदावतो हे कागदावर काढून दाखवण्याची सवय त्यांना कोणी लावली नाही. फिल्म्स डिव्हिजनमधील मदतनीसाकडे ती सवय होती. पट त्याच्या मालकीचा नव्हता इतकेच. नव्या विद्यार्थ्याच्या हाती पट आला आणि सवय गेली. ही हानी सॉफ्टवेअरने केलेली नाही, शिकवण्याच्या घाईने केलेली आहे.

विद्यार्थ्याचा संगणकीय पट प्रत्यक्षात कसा तयार होतो हे थोडे तपशिलाने पाहिले म्हणजे एका हातावर किती धंदे येऊन पडले आहेत ते कळते. कथेचा स्टोरीबोर्ड झाला की त्या चित्रांना तात्पुरत्या आवाजासह ठरलेल्या काळानुसार जोडतात. याला ॲनिमॅटिक म्हणतात आणि अनुभवी शिक्षक या टप्प्यावरच पट कापून निम्मा करायला लावतात, कारण येथे कापलेला एक सेकंद पुढे २४ चौकटींचे काम वाचवतो. नंतर पात्रांचे व जागेचे मॉडेलिंग होते. पृष्ठभागाला रंग, खडबडीतपणा, ओल, गंज देण्याच्या कामाला टेक्स्चरिंग म्हणतात. त्यासाठी खऱ्या भिंतींची, विटांची, लाकडाची छायाचित्रे घेतली जातात, आणि जुने वाडे झपाट्याने पाडले जात असताना कसब्यातील एखाद्या वाड्याची देवडी, तुळई व खांब विद्यार्थ्याने मोजून संगणकात उभे केले तर त्या मॉडेलला पटापलीकडेही दस्तऐवजाचे मोल येते. पात्राच्या आत सांधे व हाडांची रचना बसवण्याला रिगिंग म्हणतात. त्यानंतर प्रत्यक्ष ॲनिमेशन, मग प्रकाशयोजना, आणि शेवटी रेंडरिंग, म्हणजे प्रत्येक चौकटीतील प्रकाश, सावल्या व पृष्ठभाग यांचा हिशेब करून संगणकाने अंतिम चित्र काढणे.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी विद्यार्थ्याचा पट बहुधा रेंडरिंगपाशी अडतो. एका चौकटीला दहा मिनिटे लागली तर पाच मिनिटांच्या पटाच्या ७,२०० चौकटींना १,२०० तास, म्हणजे एका संगणकाला अहोरात्र पन्नास दिवस लागतात. स्टुडिओ हे काम शेकडो यंत्रांत वाटतात. विद्यार्थी प्रयोगशाळेतील यंत्रे रात्री मागून घेतो, किंवा कसब्याच्या कडेला, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या आसपास पसरलेल्या इलेक्ट्रॉनिक बाजारात हिंडून सुटे भाग जमवतो आणि जोडणीचा संगणक उभा करतो. या कामाला वीज अखंड लागते, आणि २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन तीव्र असताना ती सर्वत्र मिळत नव्हती. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीची मदत घेऊन आणि ग्राहकांकडून थोडा जादा आकार घेऊन शहर भारनियमनमुक्त ठेवण्याची योजना अमलात आली. कलेच्या इतिहासात विजेच्या दराची योजना सहसा येत नाही, पण रात्रभर चालणाऱ्या कामाच्या इतिहासात तिला जागा द्यायला हवी.

साधनांच्या मर्यादा विषयाच्या निवडीतही दिसतात. विद्यार्थ्यांच्या पटांत दिवे, यंत्रमानव, कीटक, टकले म्हातारे आणि तोकड्या कपड्यांची मुले वारंवार येतात, कारण केस आणि कापड यांची हालचाल संगणकाला सर्वांत जड जाते. नऊवारी लुगड्याचा कासोटा, धोतराचा सोगा, पागोट्याचे पेच चालत्या पात्रावर विश्वासार्ह दिसावेत यासाठी कापडाच्या प्रत्येक घडीचे वजन व घर्षण गणितात बसवावे लागते, म्हणून मराठी विद्यार्थ्याच्या पटात मराठी वेश अनेकदा टाळला जातो. बोलण्याचेही तसेच आहे. ओठांच्या हालचाली आवाजाशी जुळवण्यासाठी ओठांच्या आकारांचे जे तक्ते वापरले जातात ते इंग्रजी उच्चार धरून केलेले आहेत. मराठीत प, फ, ब, भ, म यांवर ओठ मिटतात, महाप्राण वर्णांना श्वासाचा झटका असतो, आणि वाक्य बहुधा क्रियापदावर येऊन टेकते, त्यामुळे मुद्रेचा भर शेवटी येतो. हे ध्यानात घेऊन नवा तक्ता करणे एका विद्यार्थ्याला सहज शक्य आहे, आणि अशा लहान कामांतूनच या कलेला मराठी वळण लागेल. केवळ पार्श्वभूमीला शनिवारवाडा उभा केल्याने ते लागणार नाही.

एका हाताने काय साधते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या जे. जे. संस्थेत उपयोजित कला शिकलेल्या आणि राम मोहन यांच्या स्टुडिओत घडलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा पट जवळजवळ एकटीने, चौकटी हाताने रंगवून केला आणि २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात त्याला तीन पुरस्कार मिळाले. एकाकी म्हातारी, तिचे मांजर आणि आगपेट्यांवरील चित्रांतून उघडणारे तिचे स्वप्नजग हा त्याचा विषय. स्टुडिओतील शिस्तीत तयार झालेला हात आणि स्वतःच्या मालकीचा पट या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. राव यांनी रंग हाताने भरले, पण ती हजारो चित्रे जोडण्याचे काम संगणकामुळेच एका माणसाच्या आवाक्यात आले.

साधनांच्या किमतीचा प्रश्न ब्लेंडर या सॉफ्टवेअरने बराच सोडवला. नेदरलँडमधील टोन रोझेंडाल यांनी १९९० च्या दशकात ते तयार केले. ते चालवणारी कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये जगभरातील वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचे हक्क सोडवून घेतले आणि ते सर्वांसाठी मुक्त झाले. त्यापूर्वी महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना ज्या संस्थेकडे असेल तिच्या दारातच विद्यार्थ्याला काम करावे लागे. आता शिक्षण संपल्यावरही त्याचे साधन त्याच्याजवळ राहते, जसे तांबटाचे हातोडे राहतात. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’ (२०२४) हा संपूर्ण लांबीचा पट ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले; त्याच दिग्दर्शकाने आधीचा एक पूर्ण लांबीचा पट एकट्याने केला होता.

मुक्त साधने आल्यामुळे पट वाढले, पण ते टिकवण्याची व्यवस्था वाढली नाही, आणि या व्यवसायाचा इतिहास लिहिणाऱ्याला हीच अडचण यापुढे सर्वांत जास्त जाणवणार आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि पी. के. नायर यांच्या परिश्रमांमुळे फाळक्यांच्या कामाचे काही अंश तेथे वाचले आहेत. फिल्मचे रीळ सापडले तर पन्नास वर्षांनीही प्रकाशासमोर धरून पाहता येते. विद्यार्थ्याचा पट मात्र बहुधा एका हार्ड डिस्कवर असतो आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो झाला त्याचे आयुष्य पटाहून कमी असू शकते. फ्लॅश प्लेअरचे समर्थन २०२० अखेर संपले आणि फ्लॅशमध्ये केलेली असंख्य कामे सहज उघडेनाशी झाली. सॉफ्टइमेज हे एके काळी नावाजलेले सॉफ्टवेअर २०१५ च्या आवृत्तीनंतर पुढे आलेच नाही, त्यामुळे त्यातील मूळ मॉडेले आणि रिग आज नव्या यंत्रावर पाहायचे तर जुनी यंत्रणा शोधावी लागते. पुण्याच्या कलासंस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पदवीपटांची अंतिम प्रत, तिच्या सुट्या चौकटींची मालिका, स्टोरीबोर्डचे कागद आणि ॲनिमॅटिक या चार गोष्टी दरवर्षी एका ठिकाणी जमा केल्या तर त्यासाठी लागणारी जागा आज फार नाही. चौकटींची मालिका साध्या चित्रांच्या रूपात असल्यामुळे ती कोणत्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नसते, आणि कागदावरच्या रेखाटनांवरून पट करणाऱ्याने हालचाल आधी कशी पाहिली व मग कशी बदलली तेही वाचता येते.